घोडीवरच्या नातीचा फोटो

आमच्या गावच्या शाळेत दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा होते आणि विषय दरवर्षी तोच: सोशल मीडिया, शाप की वरदान. मुलं निम्मा वेळ शाप म्हणतात, निम्मा वेळ वरदान म्हणतात आणि शेवटी ‘वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असं सांगून खाली बसतात. माझ्या सासऱ्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं, तेव्हा त्यांनी मात्र ठामपणे वरदान म्हणून सांगितलं. सांगणारच. ते भावकीच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, कडेगाव तालुक्यातला घरचा ऊस बघू लागले, आणि ऊस आपला आपण वाढतो हे लक्षात आल्यावर मोबाईलकडे वळले. पहाटे उठून ते ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकतात. त्या फुलाला कुणी हात जोडले नाहीत हे त्यांच्या बरोबर ध्यानात राहतं. घरात आम्ही समोरासमोर बसून जेवतो, तरी आमटीत मीठ जास्त झाल्याचं मला कधीकधी ग्रुपवरच कळतं.

माण तालुक्याकडचं एक मेंढपाळ कुटुंब दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायचं. ऊस काढून मोकळ्या झालेल्या रानात चार रात्री मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत मिळतं. बदल्यात आम्ही धान्य द्यायचं. म्हातारा, म्हातारी, त्यांचा मुलगा-सून आणि नुकती बोलायला लागलेली नात. बिऱ्हाड हलताना नातीला घोडीवर बोचक्यांच्या मधोमध, कोंबड्यांच्या शेजारी बसवायचे आणि लुगड्याच्या पट्टीनं बांधायचे. पोरगी पडू नये म्हणून बांधायचे. एवढी साधी गोष्ट पुढं कुणाला तरी समजावून सांगावी लागेल असं वाटलं नव्हतं.

मामांनी घोडीवर बसलेल्या त्या नातीचा फोटो काढला. मागे आमची विहीर, मोटारीची खोली आणि तारेवर वाळत घातलेली माझी हिरवी साडी. खाली लिहिलं, ‘सेंद्रिय शेती, काळाची गरज.’ भावकीनं भराभर अंगठे दिले. रानात मात्र सगळ्यांनी युरियाच टाकला.

तिसऱ्याच दिवशी तोच फोटो दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपवरून फिरून मामांकडे परत आला. आता खाली मजकूर होता की मुलं पळवणारी टोळी मेंढपाळाच्या वेशात फिरते आहे, चोरलेलं मूल घोडीला बांधलेलं आहे, नीट बघा आणि पुढे पाठवा. नीट कुणीच बघितलं नाही. ज्यानं फोटो काढला त्यानंही नाही. मामांनी तो आमच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, ‘सावध राहा.’

मी भाकरी थापता थापता तो बघितला आणि आधी माझी साडी ओळखली, मग पोरगी. मामांना हाका मारल्या, पण ते केव्हाच भावकीतली पोरं घेऊन रानात गेले होते. जाताना सासूबाईंना सांगून गेले होते की आपला मेंढपाळ तसा नाही, पण शहानिशा केलेली बरी. शहानिशेला काठ्या लागतात हे मला नवीनच होतं. मी तवा उतरवला आणि स्कूटी काढली.

पोचले तेव्हा पोरांनी म्हातारीला घेरलं होतं. एकजण नातीचं आधार कार्ड मागत होता. म्हातारी नातीला घट्ट कवटाळून बसली होती, आणि म्हातारा मधे उभा राहून सगळ्यांना हात जोडत होता. मामांनी मोबाईल म्हातारीसमोर धरला आणि हे मूल कुणाचं म्हणून विचारलं.

म्हातारीनं एकदा मोबाईलकडं बघितलं, एकदा मामांकडं.

“आवं सुभेदार, तुमीच न्हाई का ह्यो फोटू काढला? तवा न्हाई इचारलं, पोर कुणाची म्हून.”

मामांनी मोबाईल खाली घेतला, पण पोरांना ते पटेना. टोळीवाले असंच बोलतात म्हणे. शेवटी मी फोटोतली हिरवी साडी दाखवली आणि मग तारेकडं बोट केलं. त्या दिवशीही तिथं तीच वाळत होती. तेव्हा कुठं काठ्या खाली आल्या. जित्याजागत्या बाईचा शब्द खोटा ठरला आणि माझी धुतलेली साडी खरी ठरली. मला इतकी चीड आली होती की एकेकाला त्याच काठीनं बडवावंसं वाटलं.

मामांनी खुलासा लिहिला, चांगला पानभर. तो वाचायला कुणाला वेळ नव्हता. फोटो मात्र पुढच्या सगळ्या गावांत पोचला होता, आणि त्याच गावांतून मेंढरं हाकत या लोकांना पावसाआधी माणला परतायचं होतं. म्हातारी नातीला बोचक्यात झाकून न्यायचं म्हणत होती. उन्हाळ्याच्या त्या उकाड्यात बोचक्यात.

तेव्हा मामा पहिल्यांदा मोबाईल खिशात ठेवून बोलले. “झाकायची न्हाई. मी म्होरं चालतो.”

आणि खरंच चालले. फौजेची जुनी टोपी घालून, घोडीच्या पुढे, भर उन्हात. गाव आलं की आधी स्वतः पारावर जायचे, लोकांना समजावायचे, मग घोडी आत. जिथं जातील तिथं लोक त्यांना सावध करायला त्यांनीच काढलेला फोटो दाखवायचे.

चौथ्या दिवशी मी स्कूटीवरून डबा घेऊन गेले. माणच्या जवळ एका गावाच्या वेशीवर गर्दी होती आणि यावेळी मधोमध मामा होते. वाटेत कुणीतरी त्यांचाच फोटो काढून पुढे सोडला होता: फौजी टोपीतला हाच टोळीचा म्होरक्या. तो आमच्या ग्रुपवरही आला होता. मामांच्या सख्ख्या चुलत भावानं खाली लिहिलं होतं, असल्यांना सोडू नका. मामांनी फौजेच्या कॅन्टीनचं कार्ड काढून दाखवलं, तर लोक म्हणाले, असली कार्डं विकत मिळतात. मी त्यांची सून आहे म्हटलं, तर टोळीत बायकाही असतात म्हणाले.

मामांचा चेहरा उतरला होता. सरहद्दीवर उभा राहिलेला माणूस, पण त्या वेशीवर ते कार्ड पुन्हा पुन्हा खिशात घालत होते आणि काढत होते.

मागून म्हातारी नातीला काखोटीला मारून पुढे आली. त्या गावात दरसाल तिची मेंढरं बसायची. गर्दीतले दोघेतिघे तिला बघून मागे सरले. तिनं मामांच्या दंडाला धरलं.

“ह्यो माझ्या वळखीचा हाय. चांगला मानूस हाय. सोडा त्याला.”

आणि सोडलं.

मामा घरी आले ते एसटीनं. पंधरा दिवस ग्रुपवर गुलाब उमलला नाही. मग उमलला, तो भाग वेगळा.

पुढच्या उन्हाळ्यात घोडी आमच्या बांधावर दिसली, तेव्हा मामा लहान मुलासारखे हरखले. येतायत की नाही याची धास्ती त्यांनी वर्षभर कुणाला सांगितली नव्हती, पण रान त्यांनी मोकळं ठेवलं होतं. तसेच लगबगीनं सामोरे गेले, हातात मोबाईल. फोटो काढायचा नव्हता, सवयीनं राहिला होता. म्हातारी हसली, कसं काय म्हणून विचारलं आणि बोलता बोलताच घोडीवरच्या नातीच्या तोंडावर पदर ओढला.

मामा होते तिथंच थांबले. मग मागं वळून घरात आले, मोबाईल माझ्या हातात दिला आणि मोकळ्या हातांनी पुन्हा बांधाकडं गेले.