दोन इंच माया

मठ्ठ्याचा जग हातात घेतला, तिथेच माझं चुकलं.

पुतण्याचा साखरपुडा होता, आळेफाट्याजवळच्या एका मंगल कार्यालयात. मी मरून रंगाचा शर्ट घालून गेलो होतो. नवा कोरा, पहिल्यांदाच अंगात घातलेला. केटररच्या वाढप्यांचे शर्टही मरूनच होते, हे मला जेवणाच्या मांडवात शिरल्यावर कळलं. तेवढ्यात पंगतीतल्या एका मावशींनी मला हात केला.

"ओ भाऊ, मठ्ठा आणा की हिकडं! कवाधरनं बसलोय."

आता सरळ सांगायचं ना, की मावशी, मी नवरदेवाचा चुलता आहे. पण वयस्कर बाईला चारचौघांत कशाला खजील करायचं, म्हणून मी कोपऱ्यातला जग उचलला आणि त्यांचा ग्लास भरला. शेजारच्या बाईंनी ग्लास पुढे केला. मग त्यांच्या शेजारच्यांनी. अख्खी ओळ वाढून मी वळलो, तर केटररचा मुकादम माझ्याकडे बघून खेकसला, "टोपी कुठंय तुझी? आधी टोपी घाल डोक्याला!"

घरी येऊन मी हे बायकोला रंगवून सांगितलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. दोन दिवसांनी पुण्याहून मुलीचा फोन आला; मठ्ठ्याची गोष्ट तिला आईकडून कळली होती. तिचं लग्न ठरलेलं होतं, आणि तिच्या होणाऱ्या सासरची मंडळी त्या साखरपुड्याला आलेली होती.

"पप्पा, सासूबाई विचारत होत्या. म्हणाल्या, तुझे वडील दिसले नाहीत गं कुठं."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आले होते, पण लवकर गेले."

एवढंच. रागावली नाही, हसलीही नाही. लेकीला माझ्यापायी खोटं बोलावं लागलं, हे मला लागलं. फोन ठेवला आणि मी बायकोला म्हणालो, "आपल्या पोरीच्या लग्नात नवरीचा बाप कोणता, हे कुणाला विचारावं लागणार नाही. लांबून कळलं पाहिजे."

"मग आधी ती ट्रंक बंद करा," बायको म्हणाली.

ट्रंक म्हणजे आमच्या घरातलं माझं कापडाचं दुकान. आमच्याकडे कुणाचंही लग्न असो, पाहुण्याला आहेरात पँट-शर्टचं कापड मिळतं. ते ट्रंकेत जातं. त्यातलं अर्धं पुढच्या कुणाच्या तरी आहेराला निघतं, उरलेलं मी शिवून घालतो. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेवढ्या काळात मी स्वतःसाठी म्हणून एकदाही कापड घेतलेलं नव्हतं. आहेर करणाऱ्याने ते मला डोळ्यांपुढे ठेवून घेतलेलं नसतं. एक ठाण आणून त्याचे पन्नास तुकडे पाडलेले असतात. मरून शर्ट तसलाच. केटररनेही बहुतेक त्याच ठाणातलं कापड घेतलं असावं.

पहिल्या रविवारी आम्ही मंचरच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. आमच्या कळंबहून जवळ, म्हणून तिथे. सेल्समनने मला आधी सोनेरी शेरवानी चढवली. बायको म्हणाली, "हातात पिपाणी दिली की बँडमास्तर." मग ब्लेझर झाला. "कार्यालयाचे मॅनेजर. आता लोक तुम्हाला मठ्ठा नाही मागणार, पंखा लावायला सांगतील." पांढरा कुर्ता आणि वर जाकीट घातलं, तर मागे उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने मला नमस्कार करून विचारलं, "यंदा उभं ऱ्हाताय का?"

शेवटी सेल्समन म्हणाला, "काका, जोधपुरी घाला. स्लिम फिट. पोट दिसतच नाही."

खरंच दिसलं नाही, कारण मला श्वास सोडता येत नव्हता. घालताना गेलेले हात काढताना निघेनात. ट्रायल रूमचं दार किलकिलं करून मी हळूच हाक मारली, "अगं, जरा आत ये." ती आली, तिने एक बाही धरली, सेल्समनने दुसरी. बैलाच्या मानेवरचं जू काढावं तसं त्यांनी मला मोकळं केलं. बाहेर चहा पिताना ती म्हणाली, "जाऊ द्या ना. आहे तो पांढरा शर्ट घाला, वर फेटा बांधला की झालं."

"फेटे पन्नास जणांना बांधणार आहोत," मी म्हणालो. "त्यातला बाप कोण? मी कपडे घेतल्याशिवाय लग्नाला उभा राहणार नाही."

एवढ्या ठामपणे मी आमच्या घरात बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "जुन्नरला चला. आबांच्या टेलरकडं."

आबा म्हणजे माझे सासरे. नवरदेवाचा पोशाख सासऱ्याने करायचा, म्हणून त्यांनी मला पंचवीस वर्षांपूर्वी जुन्नरच्या त्या टेलरकडे नेलं होतं. टेलर आता म्हातारे झालेत, पण कात्री तीच. मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाले, "जावई ना तुमी? तवा काडी व्हता. कंबर किती आता?"

"चौतीस," मी म्हणालो. माझी पँट बरीच वर्षं चौतीसचीच आहे.

त्यांनी टेप लावला, चष्मा वर केला, पुन्हा लावला. "पावणं, बेल्ट कुठं बांधता?"

"कमरेला."

"ही कंबर न्हाई. गावठाण वर ऱ्हायलं, तुमी खालच्या वस्तीवर बेल्ट बांधलाय. कंबर हितं," असं म्हणून त्यांनी टेप बेंबीवर आणला. "बेचाळीस."

बायकोने तोंडाला पदर लावला.

"पोट लपवायचं न्हाई," ते म्हणाले. "लपवलं की लई दिसतं. त्येला जागा द्यायची. पँट वर घ्या, कोट खांद्यावर नीट बसवू, लांबी जरा जास्ती ठिवू. आन् कापड गडद घ्या, पर चमकणारं नको."

कापड बायकोने निवडलं. शेजारच्या दुकानातलं एकेक ठाण ती उचलून थेट दारापर्यंत न्यायची, मला उन्हात उभं करायची आणि टोक माझ्या हनुवटीखाली धरायची. दुकानदार नको म्हणत होता, तिने ऐकलं नाही. सातवं की आठवं ठाण होतं, पिकलेल्या जांभळाच्या रंगाचं. ती दोन पावलं मागे सरकली. "ह्यात तुमचं तोंड दिसतं," ती म्हणाली. "बाकीच्यांत नुसतं कापड दिसत होतं."

टेलरांनी मापं वहीत लिहिली आणि म्हणाले, "शिवणीत दोन इंच माया ठिवतो."

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. मी म्हणालो, "कशाला? उलट मी कमी होणार आहे."

"समदेच म्हंत्यात," ते म्हणाले आणि माया ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी चालायला लागलो, कॅनॉलच्या पुलापर्यंत. आमच्या गावात कामाशिवाय कुणी भराभर चालत नाही, त्यामुळे दोघांनी गाडी थांबवून "कुणाचं काय झालं?" असं काळजीने विचारलं. तरी सोडलं नाही. भजी सोडली, साखर सोडली. पण लग्नाआधी केळवणं सुरू झाली आणि ती काही सोडता येईनात. नवरीबरोबर आईबापालाही जेवायला बोलावतात. एका घरी पुरणपोळी, दुसऱ्या घरी गुळवणी, तिसऱ्या घरी "पाव्हणं, माझ्या हातची एक तरी घ्या." नाही म्हणावं तर माणूस रुसतं. लग्नाला चार दिवस असताना मी कोट आणायला गेलो, तर मधलं बटण लागेना.

टेलरांनी कोट उलटा केला, शिवण उसवली, माया सोडली आणि पुन्हा मशीन मारली. बटण लागलं. "दीड इंच गेलं," ते म्हणाले. "अर्धा ऱ्हायलाय. हळदीला जपून जेवा."

लग्नाच्या दिवशी मुलीने मला कोटात पाहिलं, कॉलर नीट केली आणि म्हणाली, "पप्पा, आज लवकर जायचं नाही हं." व्याहीभेटीला व्याह्यांनी मिठी मारून मला चक्क उचललं. शिवण उसवली नाही.

मग मी पंगतीत "सावकाश होऊ द्या" म्हणत हात जोडून फिरायला निघालो. मधल्या ओळीत एक ओळखीचा चेहरा दिसला. साखरपुड्याच्या मावशी! आमच्या जावयाच्या आत्या निघाल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी आळेफाट्याला व्हता ना? मठ्ठा वाढत? लई भारी कोट. धंदा जोरात दिसतोय केटरिंगचा!"

आजूबाजूचे दहा-बारा जण बघत होते. मी ताठ उभा राहिलो. "आत्याबाई, मी नवरीचा बाप."

त्यांचा घास हातातच राहिला. "अगं बाई! मंग तवा मठ्ठा कशापायी वाढला?"

"तुम्ही मागितला म्हणून."

मग त्या शेजारणीला ढोसून मोठ्यांदा म्हणाल्या, "ए, हे बघ, नवरीचं वडील! मागल्या टायमाला मला मठ्ठा वाढला व्हता ह्यांनी." ओळीतून बातमी पुढे सरकत गेली. पार टोकाला बसलेल्या माणसानेही मान काढून मला पाहिलं. मग आत्याबाईंनी ग्लास पुढे केला. "आता आणीक एकदा वाढा. आज मागून घेते."

मी जग घेतला. अख्खी ओळ वाढली. या वेळी मुकादम टोपी विचारायला आला नाही, पण माझी बाही दोनदा जगात बुडाली.

मुलगी सासरी गेल्यावर घर सुनं झालं होतं. बायको बाही ओल्या फडक्याने पुसत बसली होती. मी विचारलं, "खरं सांग, कसा दिसत होतो?"

"नवरीच्या बापासारखे," ती म्हणाली. थोडा वेळ डाग घासला, तो निघाला नाही. "पण इथून पुढं वाढायला जाणार असलात तर मरून शर्ट घाला. त्याला मठ्ठ्याची सवय आहे."