चकतीशिवायचा सिनेमा

काल नातीनं टीव्हीला नुसतं तोंडानं सांगितलं आणि सिनेमा सुरू झाला. मला एकदम कवठे महांकाळच्या घरातली, नव्वदचं दशक सरतानाची एक दुपार आठवली.

माझे धाकटे दीर, सुभाषभावजी, सैन्यात होते. सुट्टीवर येताना त्यांनी सीडी प्लेअर आणला होता. सासूबाई पहिल्यांदाच त्यावर सिनेमा बघत होत्या. ऐन लग्नाच्या प्रसंगात चित्राचे चौकोनी तुकडे झाले आणि नवरी हातातल्या हारासकट तशीच थांबली. भावजींनी चकती काढली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि ते बनियनच्या टोकानं हळुवार पुसू लागले.

"आये, पुढं ही चकती बी लागणार न्हाई. युनिटमधले साहेब म्हणत्यात, फोनच्या तारेतनं सिनेमा घरात येईल."

"माणसं दिसतील तारेतनं?"

"व्हय, हुबेहूब."

सासूबाईंनी दाराशी बांधून ठेवलेल्या ट्रंकेकडे पाहिलं. रजा संपली होती, संध्याकाळी मिरजेहून गाडी होती.

"मग तवा तू बी येत जा की रं तारेतनं, जेवायच्या येळेला."

आम्ही सगळे खो खो हसलो. आता माझाच मुलगा परदेशात असतो, रोज फोनवर हुबेहूब दिसतो, आणि त्या बोलण्याचं मला हसू येत नाही.

उरलेला सिनेमा तसाच राहिला. भावजींनी चकती बाजूला ठेवली. "आये, लय भूक लागलीया, वाढ," म्हणाले. जेवणं उरकून तासही झाला नव्हता, तरी मायलेक एकाच ताटात पुन्हा जेवले.