आपोआप कळणारा नवरा

माझ्या ताईचा संसार मोडला त्याला तिचा नवरा जबाबदार नाही, सासू तर मुळीच नाही. तो एका समजुतीपायी मोडला. ज्याचं आपल्यावर खरं प्रेम असतं त्याला आपल्या मनातलं न सांगता कळतं, आणि सांगितल्यावर त्याने केलं तर ते न केल्यातच जमा, अशी ती समजूत. मला ती कधी परवडली नाही. माझ्या नवऱ्याला घरातला गॅस संपलाय हे रिकामा सिलिंडर पायावर पडेपर्यंत कळत नाही. म्हणून मी ओरडते, तो उठतो, आणि आमचं बरं चाललंय. ताईला हे गावंढळ वाटायचं. ती माझ्याहून शिकलेली आणि दिसायलाही उजवी.

समजूत आली आईकडून. चौलपासून जवळच आमचं गाव. त्या अख्ख्या गावात आईइतकी नशीबवान बाई नव्हती, असं आईच सांगायची. "आज चिंबोऱ्या खाव्याशा वाटत व्हत्या, आन् हे नेमक्या घेऊन आले. मी तोंडातून शब्द काढला न्हाय हां!" जत्रेतून बाबा बांगड्या आणायचे त्याही तिच्या मनात असलेल्या रंगाच्याच. बाबा पिशवी ठेवून मुकाट हातपाय धुवायला जायचे. ताई आईच्या तोंडाकडे बघत राहायची. मी पिशवीतून बाहेर आलेल्या चिंबोऱ्यांच्या नांग्यांकडे बघायची.

ताईला नवरा मिळाला तो दिघीच्या बंदरात क्रेन चालवणारा. माणूस सरळ, कमी बोलणारा, निर्व्यसनी. त्याच्या कामाचा नियम एकच: खाली उभा असलेला माणूस हाताने खूण करत नाही तोवर क्रेन हलवायची नाही. अंदाजाने उचललं तर खालचा मरतो. हे तो आम्हाला कौतुकाने सांगायचा, आणि घरीही तसाच वागायचा. ताई तोंड फिरवून बसली की विचारायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही." मग तो जेवायला बसायचा. काही नाही म्हणाली म्हणजे काही नाही! ताई मला फोन करून रडायची आणि मी हसू दाबायची. खूण केल्याशिवाय न हलणारा माणूस आणि मेली तरी खूण न करणारी बायको, असा जोडा शोधूनही सापडला नसता.

मग ताईचं पोट पडलं. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. दवाखान्यात तो तिच्या उशाशी उभा होता. घाबरलेला होता, ते मला दिसत होतं. त्याने विचारलं, "थांबू, का ड्युटीवर जाऊ?" ती म्हणाली, "जा." आणि तो गेला. असल्या वेळी विचारतात का, असं मलाही वाटलं. पण "थांबा" एवढं म्हणायला तिची जीभ झिजली नसती, असंही वाटलं.

विश्रांतीला म्हणून ताई माहेरी आली. आमच्याकडे माहेरी आलेली लेक आपली आपण परत जात नाही. सासरचं माणूस न्यायला यावं लागतं, नाहीतर लेकीची किंमत राहत नाही. त्याचा फोन यायचा, "कधी येऊ न्यायला?" ही म्हणायची, "तुम्हाला वाटेल तेव्हा." झालं! तो तिच्या सांगण्याची वाट बघत बसला आणि ती त्याच्या वाटण्याची. पावसाळा गेला, भात कापून झालं, वाल फुलावर आला. शेवटी त्याच्या घरून निरोप आला, होळीपर्यंत काय ते ठरवा, नाहीतर सोडचिठ्ठी घ्या.

जानेवारीत बाबांनी पोपटी लावली. वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे शेतातच मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरतात, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. ते शिजेपर्यंत सगळे भोवती बसून राहतात, कोणी उठून जात नाही. दिवस मावळायला आला होता, जाळ नुकताच लागला होता, आणि बांधावरून ताईचा नवरा येताना दिसला. दिघीहून मोटरसायकल जेट्टीच्या बोटीत घालून, खाडी ओलांडून, मुरूडवरून एवढ्या लांब आला होता. ताईचा चेहरा असा फुलला की मला तिची दया आली. तिने स्वतः उठून त्याला पाणी दिलं. माझं चुकलंच होतं, म्हटलं मनात, याला कळलं बाबा एकदाचं.

ताईने हळूच विचारलं, "आज कसं यावंसं वाटलं?"

एक खोटं बोलला असता तर सुटला असता. पण तो म्हणाला, "बाबांनी फोन केला. म्हणाले, न्यायला या."

ताईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "म्हणजे सांगितलं म्हणून आलात."

तेव्हा बाबा भडकले. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "मग काय झालं? मला कोण सांगायचं? तुझी आयच सांगायची! मी न्हाणीत बसलो की पाठ चोळता चोळता सांगायची, येताना चिंबोऱ्या आना, हिरव्या बांगड्या आना. आन् पोरींसमोर बोलू नका, म्हनायची. बाईच्या मनातलं कुना बापाला कळतं गं?"

ताईने आईकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. जावई तर हात जोडायचा बाकी होता. आईने एकदा "व्हय" म्हटलं असतं तर ताई त्याच संध्याकाळी मोटरसायकलवर बसली असती, याची मला आजही खात्री आहे.

आई पदर सारखा करत म्हणाली, "मी कवा सांगितलं? म्हातारे झाले हे, काय पन बोलतात. यांना आपोआप कळायचं."

बाबा काठी घेऊन जाळ सारखा करायला लागले. पोपटी निघाली, सगळ्यांनी खाल्ली, छान झाली होती. जाताना ताईच्या नवऱ्याने तिला विचारलं, "येतेस?" ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" तो म्हणाला, "मला काय वाटतं ते राहू दे, तू सांग." ती शेंगांची सालं गोळा करत राहिली. तो गेला.

घरी आल्यावर मी आईला चुलीपाशी गाठलं. "लेकीचा संसार बुडवलास. खोटं का बोललीस?"

आई जराही हलली नाही. "ती तरनी हाय," म्हणाली, "तिला दुसरा मिळंल. माझ्याकडं हेच एक व्हतं."

मला आईचा इतका राग कधी आला नव्हता. ताई पलीकडे ओटीवर होती. आमच्या घरात कुजबुजसुद्धा भिंतीपलीकडे जाते, त्यामुळे तिने हे ऐकलं असणार. तरी दुसऱ्या दिवशीही तिने नवऱ्याला फोन केला नाही.

अलिबागच्या कोर्टात दोघांनी सह्या केल्या. मी ताईसोबत होते. बाहेर आल्यावर त्याने मोटरसायकल काढली आणि ताईला विचारलं, "स्टँडपर्यंत सोडू का?"

"नको," ताई म्हणाली.

बरं, म्हणून तो निघाला. ताई रस्त्यातच उभी राहिली. गाडी वळणापर्यंत गेली, दिसेनाशी झाली, तरी ती हलेना. मी म्हटलं, "चल, एस्टी जाईल."

"थांब जरा," ती म्हणाली, "येतील ते."