बिसराम फिटरने सोडलेली जागा

यमुनेच्या वाळवंटात गोपगड्यांसंगे चेंडू खेळणाऱ्या, चेंडू डोहात पडताच त्या विषारी पाण्यात स्वतः उडी घेणाऱ्या सावळ्या नंदकिशोरा, तुला साष्टांग दंडवत! विश्वाचा कारभार ज्याच्या बोटावर चालतो तो तू, तरी गड्यांत गडी झालास. आणि आपला डाव संपल्यावर चेंडू दुसऱ्याच्या हाती देताना तुझे मन कधी जड झाले नाही. आम्हां माणसांना नेमके तेवढेच जमत नाही रे, देवा! तुझ्या त्या खेळाचे स्मरण करून गोंदियाच्या इंजिनशेडातल्या एका फिटरची कथा सांगतो. त्याचे नाव बिसराम.

सन एकोणीसशे अडतीसचा श्रावण. बिसरामचे वय एकोणचाळीस. अकरा वर्षे तो जंक्शन क्लबाचा कप्तान होता. त्याची जागा सेंटर हाफची, म्हणजे मैदानाच्या मधोमध. तिथून पुढच्यांना चेंडू पुरवायचा आणि मागच्यांना आडोसा द्यायचा. सलग सहा वर्षे फुटबॉलची ढाल गोंदियातच राहिली होती. पण ती जिंकणारे अकराही जण तेच होते, सहा वर्षांपूर्वीचे, आणि सगळे मिळून एकदमच थकू लागले होते. गोलरक्षक खेमराज, बिसरामचा जिवलग, म्हणायचा, "आपली टीम मैदानात उतरली का बँड कायले पाहिजे? गुडघेच वाजते."

सगळे हसत. बिसरामही हसे. पण गेल्या रविवारी, उपान्त्य सामन्याच्या शेवटी, त्याचा उजवा गुडघा खरोखरच वाजला होता. हे खेमराजशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. हळद-चुन्याचा लेप लावून, वर पट्टी आवळून तो आठवडाभर शेडात उभा राहिला. उद्याच्या रविवारी अंतिम सामना, समोर डोंगरगड. खेळ सुरू झाल्यावर गडी बदलायची सोय तेव्हा नव्हती. एक पडला की उरलेल्या दहांनी निभवायचे.

मग नवे गडी नव्हते का? होते. तीन वर्षांत तीन चांगले तरुण शेडात आले. बिसरामने त्यांना रोज सकाळी मैदानावर जीव ओतून शिकवले, पोटच्या लेकरांसारखे. पण ढालीच्या सामन्यात एकालाही उतरवले नाही. "अजून कच्चे हायेत," एवढेच त्याचे उत्तर. दोघे कंटाळून गेले. त्यांतला शालीकराम तर उद्या डोंगरगडाकडून खेळणार होता. उरला एकटा दुधराम, बावीस वर्षांचा, अबोल, बिसरामला मामा म्हणणारा, मान खाली घालून चेंडूच्या चामड्याला तेल लावीत बसणारा.

अकरा नावे शनिवारी पाचच्या भोंग्याआधी कप्तानाने शेडाच्या मोठ्या दारावर खडूने लिहायची आणि भोंगा झाल्यावर ती कोणी पुसायची नाहीत, ही क्लबाची चाल. सहाव्या जागी नेहमी 'बिसराम' असे. त्या शनिवारी सकाळी लेपाने सूज उतरली होती. माळावर चार पावले तो धावून पाहून आला. दुखले, पण धावता आले. मनाने लगेच ग्वाही दिली: एवढा एक सामना!

दुपारच्या पाळीआधी तो सायकलने नागऱ्याला आपल्या शेतावर गेला. घरधन्याने पहिली मूठ रोवल्याशिवाय धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, लागत नाही, ही त्याच्या घरची रीत. ती मूठ तीन आठवडे राहिली होती, कारण दर रविवारी सामना. धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या उंचवट्यावर, त्याची बायको धुरपताबाई कंबरेला पदर खोचून उभी होती. तिच्या पायाशी रोपांच्या, म्हणजे पऱ्ह्यांच्या पेंढ्या अस्ताव्यस्त पडल्या होत्या.

"पऱ्हे काऊन फेकले?" बिसरामने विचारले.

"मंग का करू? पूजा करू त्यायची?" धुरपताबाई म्हणाली. "कांडं धरलं त्यायनं. आता रोवले तं उभे राह्यतीन, पन फुटवा नाई येनार. कवाची म्हनून राहिली मी, या जी, या जी! तुमचा एक सामना झाला का दुसरा."

"तूच लावून टाकायची होती मूठ."

"आता म्हनता! मांगच्या साली शेजारचे बकारामभाऊ म्हनले, मी लावतो, तं चार दिस तुमी त्यायच्यासंग बोलले नाई. तुमाले वाटते, तुमचा हात लागल्याबिगर काई हिरवंच होत नाई."

बिसराम धुऱ्यावर बसला. त्याने एक रोप उचलले. दाटीत उभे राहून राहून ते उंच, फिकट झाले होते. अंगठ्याखाली कांड्याची गाठ टणक लागली. बियाणे चांगले, वाफा चांगला, निगा चांगली. फक्त वेळेवर बाहेर काढणारा हात आला नव्हता. त्याला दुधरामची खाली घातलेली मान आठवली, आणि ते रोप बराच वेळ त्याच्या हातातून सुटेना.

"मंग आता?" त्याने हळूच विचारले.

"माह्या भावाजवळ उरले हायेत थोडे, उशिरा पेरलेले. सोमवारी देतो म्हनला. येसान का तवा तरी?"

तो सायकलकडे वळला.

पावणेपाचला शेडाच्या दारापाशी गर्दी जमली. क्लबाचे सेक्रेटरी मुन्नालाल, बाजारातले कापडवाले, छत्री सावरीत म्हणाले, "बिसरामभाई, जल्दी लिखो. मिठाई का ऑर्डर देना है मुझे."

पहिले नाव खेमराज. मग दुसरे, तिसरे, चौथे, पाचवे. सहाव्या जागी खडू टेकला आणि थांबला. नारायणा, त्या एका क्षणात त्या माणसाने किती डोह ओलांडले असतील, ते तूच जाणतोस! मग खडू पुढे सरकला. 'दुधराम'. आणखी पाच नावे झाली, अकरा पुरी झाली, आणि त्यांत लिहिणाऱ्याचे नाव नव्हते.

"यह क्या मज़ाक है?" मुन्नालाल ओरडले. "फाइनल है, भाई! लड़के को अगले साल खिलाना."

"तीन साल झाले शेठजी, तो अगला साल येऊनच नाई राहिला."

"मिटाओ इसे!"

खेमराज दाराला पाठ लावून उभा राहिला. "म्हाताऱ्या, मले एकट्याले यादीत फसवलं का रे?" तो बिसरामला म्हणाला, पण तिथून हलला नाही. तेवढ्यात भोंगा झाला.

दुधराम पांढराफटक पडला होता. "मामा, मले नाई जमलं तं?"

"तं नाई जमलं," बिसराम म्हणाला. "पन उभा राह्य."

रविवारी मैदान चिखलाने भरले होते. दुधराम अनवाणी उतरला. सातव्या मिनिटाला त्याने चेंडू पायाशी नको तितका धरला, शालीकरामने तो हिसकावला आणि खेमराजच्या डाव्या हाताजवळून जाळ्यात घातला. डोंगरगड एक, गोंदिया शून्य. गर्दी खवळली. "बिसरामले आना! बिसरामले आना!" मुन्नालाल त्याच्या कानाशी म्हणाले, "देख लिया?" बिसराम रेषेबाहेर ओल्या गवतावर बसला होता. शंभर वेळा ओरडावेसे वाटले: डावीकडे दे, मागे ये, सोड! त्याने गमछ्याचा बोळा दातांत धरला. आपला आवाज आत गेला की तो मुलगा पुन्हा आपल्याकडेच पाहत राहील, हे त्याला कळत होते.

मध्यंतरात दुधराम समोर येऊन उभा राहिला. "मामा, चुकलो."

"ते तीन सालाआधी चुकायचं होतं तू. मी चुकू देलं नाई. आता चूक पोटभर. पन चेंडू माग. लपू नोको."

दुसऱ्या डावात तो लपला नाही. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा शालीकरामच्या पायातून चेंडू काढला. मिनिटे सरत होती, आभाळ खाली उतरत होते. शेवटची चार मिनिटे उरली असताना दुधरामने चेंडू मध्ये घेतला. बिसरामने तो नेहमी उजवीकडे दिला असता. मुलाने मान वर केली आणि डावीकडच्या मोकळ्या गड्याला तो असा पोचवला की, त्याला फक्त पाय लावायचे काम उरले. एक-एक!

दातांतला बोळा बिसरामच्या मांडीवर पडला. ती वाट त्याने कोणाला शिकवली नव्हती. ती त्याला स्वतःलाही दिसली नव्हती.

सामना बरोबरीत सुटला. ढाल सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. "ढाल भी आधी, मिठाई भी आधी," मुन्नालाल कुरकुरले. पण जाता जाता दुधरामच्या डोक्यावर त्यांनी आपली छत्री धरली. बिसरामने कप्तानाची सरावाची शिटी खेमराजकडे दिली आणि बजावले, "पुढच्या साली तूही उठजो. तुह्या जागेवरचा पोट्टा आतापासूनच पाहाले लागतो मी."

सोमवारी तो लंगडत नागऱ्याला गेला. मेहुण्याचे कोवळे पऱ्हे आले होते. धुरपताबाईने पहिली मूठ त्याच्यापुढे धरली.

"तू लाव," बिसराम म्हणाला.

तिने एकदा त्याच्याकडे पाहिले, मग वाकून मूठ चिखलात रोवली. "बसा जी धुऱ्यावर," ती म्हणाली, "गुडघा दुखत असन."

हे गोपाळा, ज्याने स्वतःच्या हाताने आपले नाव वगळले त्या बिसरामचा गुडघा सांभाळ. धुरपताबाईच्या बांधीला भरघोस फुटवा येऊ दे. दुधरामच्या पायांना बळ दे आणि वेळ आली की त्यालाही तो खडू हाती धरायची बुद्धी दे. त्या घरच्या चुलीवर भात कधी कमी न पडो, त्या उंबऱ्यावर तुझी सावळी छाया अखंड राहो!