बंद ग्रुपात मी गेले नाही

फोन ठेवू नकोस, पोरी. "मावशी, सोडून दे आता," एवढंच लिहून पाठवतेस. असं लिहितात होय गं? काय सोडायचं ते तरी आधी ऐक.

पालघरला आमच्या प्रकल्पाची सभा होती. संगणक ज्यावर चालतो ती प्रणाली आम्ही मिळून बनवतो. ओपन सोर्स. आतलं सगळं उघडं, कुणीही वाचा, कुणीही दुरुस्त करा. जे ठरेल ते सगळ्यांना दिसणाऱ्या मेलच्या यादीवर ठरेल, असा लेखी नियम. त्या नियमाला भुलूनच मी आत शिरले. शाळा लवकर सुटलेली. शिकले ती चुकत, लोकांना विचारत.

चिंचणीला मासळी सुकवणाऱ्या बायांची सोसायटी आहे ना, तिथे बोईसरच्या एका कारखान्याने भंगारात काढलेले संगणक मी याच प्रणालीवर उभे केले. बर्फाची मागणी, बायांचे अर्ज, पोरांचा अभ्यास, सगळं त्यावर. नवी आवृत्ती आली की मी तिथे चालवून बघायची, काय बिघडलं ते यादीवर लिहायची.

सभेत प्रमुखांनी निर्णय वाचला. पुढची आवृत्ती जुन्या यंत्रांवर चालणार नाही.

मी उभी राहिले. हे यादीवर कधी ठरलं, विचारलं.

"मावशी, इथे आरडाओरड करून ठरत नाही. हा तुमचा मासळीबाजार नाही."

सगळे हसले. एकाने नाक दाबलं. नाक! मी अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून गेलेली. तरी खाली बसताना मी पदर हुंगला. स्वतःचा.

मग कळलं, सगळं फोनवरच्या बंद ग्रुपात ठरतं. प्रमुख आणि त्यांची माणसं. यादीवर आम्ही नुसते बडबडायचो.

बोलावं तर प्रकल्पात काम करायची माझी परवानगी काढून घेतील. गप्प बसावं तर बायांचे संगणक जातील. रोज यादी उघडायची, दोन ओळी लिहायच्या, पुसायच्या.  

अशात प्रमुखांचा फोन आला. आवाज एकदम मऊ. "तुम्हालाही ग्रुपात घेतो. फक्त यादीवर तो विषय नको."

खरं सांगते, मन डळमळलं. आत गेलं तर यंत्रं वाचतील, वाटलं. फोन स्पीकरवर होता. सोसायटीतली चांगुना शेजारी बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "किनाऱ्यावर कानात भाव करणाऱ्याला आमी माल देतो काय, बाय? मंग?"

नाही देत. आमचा लिलाव उघड्यावर. बोली सगळ्यांनी ऐकायची, मग मासळीची पाटी उचलायची. ज्या मासळीबाजाराची त्यांनी शिवी केली, तिथला कारभार त्यांच्यापेक्षा स्वच्छ. इतके दिवस मीच मान खाली घालून बसले होते.

मी म्हटलं, "आत्ता बोललात तेही यादीवर लिहिते."

लिहिलं. सभा, ग्रुप, फोन, सगळं नावानिशी. परवानगी त्याच संध्याकाळी गेली. आता एकेकजण हळूच फोन करून सांगतो, बरोबर केलंत. त्यांना मी म्हणते, यादीवर म्हणा. कुणी म्हणत नाही.

तूही आता या प्रकल्पात आहेस, आणि तुलाही त्या बंद ग्रुपात घेतलंय, ठाऊक आहे मला.

प्रणाली उघडी आहे. तिची प्रत घेऊन जुन्या यंत्रांसाठी आम्ही वेगळी चालवणार. मला सगळं येत नाही, अडेल. तरी चालवणार. आणि तिथे कानात काही ठरणार नाही. मी तसं ठरवलं तर मलाही काढायचं, हे बायांसमोर कबूल केलंय.

तू ये. लवकर ये, चार दिवस राहायला ये. पण जे सांगायचं ते बायांच्या देखत सांग. मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन नाही.