त्या सभेला चहा नव्हता

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागा आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात एवढी जागा आता कुठे राहिलेली नाही. इथली कापसाची जिनिंग बंद करताना मालकानं ती वस्तीच्या मंडळाला लिहून दिली. लग्नाचा मांडव तिथंच पडतो, मयताची माणसं तिथंच बसतात, उन्हाळ्यात कुरड्या तिथंच वाळतात. बिल्डर येऊन गेले, पुढारी येऊन गेले. आम्ही दिली नाही.

मग एका विद्यापीठाची माणसं आली. ती वाईट नव्हती, हे आधी सांगते. त्यांच्या मॅडम घरोघर फिरल्या, ओट्यावर बसल्या, काय पाहिजे ते विचारलं. पोरींना अभ्यासाची खोली, बायांना शिवणकामाचा हॉल, एक दवाखाना. जागा आमची, नकाशा आणि बांधकाम त्यांचं. पटण्यासारखं होतं.

पक्कं ठरवायला त्यांनी अमरावतीला सभा ठेवली आणि वस्तीसाठी बस पाठवली. माझ्या गुडघ्यांना बस झेपत नाही. सून गेली. संध्याकाळी खुशीत परत आली.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"सगळंच ठरलं, आत्याबाई. जागेचं पाहाले समिती होणार. त्यायची मानसं जास्त, आपली कमी. शेवटचा शब्द समितीचा."

"अन् तुमी काय केलं?"

"हात वर केले."

"काहून?"

"मॅडमनं सोता वाढलं वो! पुरी, बुंदी, मठ्ठा. त्यायचं जेवून त्यायच्याच तोंडावर नाई कसं म्हणाव?"

तिला काय बोलणार? आमच्याकडे असंच आहे. मुलगी पाहायला गेलेल्यांना सोयरीक नको असली तर ते चहाच्या कपाला हात लावत नाहीत. घेतला तर नाही म्हणायचं तोंड राहत नाही. मॅडमना हे कोण सांगणार? त्यांना वाटलं, वस्ती राजी आहे. उद्या समितीनं जागेवर दुकानं काढायचं ठरवलं असतं तर आम्ही आमच्याच जागेवर बघत उभे राहिलो असतो.

मी मंडळाच्या अध्यक्षाकडे गेले. दवाखान्यात कंपाउंडर होता, आता घरीच असतो. त्याला म्हटलं, मॅडमना इथं बोलाव, जागेवरच. पुन्हा विचारू दे. आणि त्या दिवशी कोणाच्याही घरी चहा ठेवायचा नाही.

"वहिनी, पाहुण्याले कोरडं बसवायचं? इज्जत जाईन ना आपली!"

"जागा गेल्यावर इज्जत कुठं मांडशीन?"

तो कुरकुरला, पण फोन केला.

मॅडम रविवारी दुपारी आल्या. आम्ही सतरंज्या टाकल्या होत्या. पाणी दिलं. मग कोणीच उठेना. एरवी तीन घरांतून कप आले असते. बाया एकमेकींकडे बघत होत्या. एक म्हातारी उठायला लागली, तिच्या पोरीनं तिचा पदर धरून खाली बसवलं. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "आमचं काही चुकलं का?"

"चुकलं नाई," मी म्हटलं. "पन तुमच्या पंगतीत बसून आमच्या बायायले नाई म्हणता आलं नाई. आज कोणी कोणाचं खाल्लं-पेलं नाई. आता इचारा."

मॅडम सतरंजीवर जरा पुढे सरकल्या. मग त्यांनी सरळ विचारलं, "शेवटचा शब्द समितीचा असावा, हे कोणाला मान्य आहे?"

अध्यक्षाचा हात वर गेला. इमारत झाली तरच तो पुढेही अध्यक्ष राहणार होता. बाकी कोणाचा नाही.

"आणि वस्तीचा असावा, हे?"

तेव्हाही कोणाचा हात उठेना. माझा मी मुद्दाम उचलला नाही. म्हातारी म्हणाली म्हणून केलं, असं नंतर कोणी म्हणायला नको होतं. असंच सगळे बसून राहिले असते तर अमरावतीचंच कायम झालं असतं.

शेवटी सुनेनं हात वर केला. माझ्याकडे न बघता. मग तिच्या मागची, मग ओळच्या ओळ.

"हे मला वरून मंजूर करून घ्यावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "नाही झालं तर इमारत होणार नाही."

"नाई होणार तर नाई."

मागून एक जण म्हणाला, "आजी, तुले नाई शिकायचं, आमच्या पोरीयले शिकायचं हाये!" बरोबरच होतं त्याचं.

होकार यायला पावसाळा गेला. तोवर गल्लीत अर्ध्या घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मंजुरी आली ती वस्तीच्या शब्दाची, पण नकाशात इमारत एकमजली झाली आणि दवाखाना गेला.

यंदा खोल्या कुठल्या बाजूला घ्यायच्या ते विचारायला मॅडम पुन्हा आल्या. वस्ती बसली. उन्हाची बाजू वाळवणासाठी मोकळी ठेवा, असं मी म्हटलं. सून उठून म्हणाली, पोरींना उजेड पाहिजे, खोल्या तिथंच घ्या. तिच्या बाजूनं जास्त हात आले.

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पाया तिथंच खोदला आहे.