बाद फोटोंचं फोल्डर
जुनी हार्ड डिस्क सुरू केली की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या माझ्या स्टुडिओतली ती दुपार आठवते. जिच्या डोहाळजेवणाचे फोटो मी काढले होते, ती चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती. लेक जन्मायच्या आधीच तिचा नवरा गेला होता. "चांगले फोटो सगळे पाठ झालेत हो दादा," ती म्हणाली, "बाद केलेले ठेवलेत का?" मी ते कधीच पुसत नाही, फोल्डर उघडून दिलं. कुठे त्याचे डोळे मिटलेले, कुठे तोंडात घास. बघता बघता तिने बाणाची कळ दाबून धरली. एका दमात टिपलेले फोटो भराभर सरकले आणि तो चक्क हलला. मान वळवून हसला, तिच्या पोटाकडे हात नेऊ लागला, आणि हात टेकायच्या आतच फोटो संपले. "नोखमाल!" लेक टाळ्या पिटत जर्मनमध्ये ओरडली. पुन्हा, पुन्हा. खिडकीबाहेर अंधारून येईपर्यंत तो हात निघत राहिला. आजही नवी डिस्क आणली की पहिल्यांदा तेच फोल्डर उतरवतो, एकेक फोटो उघडून तपासतो. ती कळ दाबून धरायची मात्र हिंमत होत नाही.